औटकी, कनवटी आणि पाच लाखांची नोट

"अगं, तिकडे पाच लाखांची नोट असते म्हणे. खरं का?"

आत्याचा फोन असाच सुरू होतो, नमस्कार-चमत्कार काही नाही. ती आणि आतोबा दहा दिवस व्हिएतनामला निघाले होते, टूर कंपनीशिवाय, आपले आपण. मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आले होते, म्हणून पैशांचं खातं माझ्याकडे आलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. उदाहरणं व्हिएतनामची आहेत, पण थायलंडला जा नाहीतर तुर्कस्तानला, पैसे गळतात त्याच फटींतून.

तर हो, पाच लाखांची नोट असते, आणि ती आपल्या जेमतेम सतराशे रुपयांची असते. तिथलं चलन डाँग. एका डॉलरला साधारण २६,००० डाँग, म्हणजे एका रुपयाला २९० च्या आसपास. पहिले दोन दिवस माणूस फिरून दमत नाही, आकड्यांनी दमतो. कॉफी ४५,०००, टॅक्सी १,२०,०००, चौघांचं जेवण बारा लाख! मोबाइलवर दर वेळी हिशेब करायचा कंटाळा येतो आणि मग आपण "असेल बाई काहीतरी" म्हणून पैसे देऊन मोकळे होतो.

यावरचा उपाय आत्याच्या पिढीला शाळेतच पाठ झालेला आहे. हजार डाँग म्हणजे साधारण साडेतीन रुपये. शेवटची तीन शून्यं बोटाने झाकायची आणि उरलेल्याला साडेतीनने गुणायचं. म्हणजे औटकी, साडेतीनचा पाढा! मी हे सांगताच फोनवरच सुरू झाली, "बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा..." ज्यांनी पावकी-निमकी कधी पाहिली नाही त्यांनी आकड्याची तिप्पट करून वर त्याच मूळ आकड्याचे निम्मे मिळवावेत, उत्तर तेच येतं. तिथले लोकही शून्यं झाकूनच बोलतात. मेनूकार्डावर ४५ च्या पुढे नुसता 'के' असतो, तो हजाराचा. कुठल्याही देशात जाण्याआधी तिथला असा एक गुणक तोंडपाठ करून ठेवावा. दशांशापर्यंत अचूक नसला तरी चालेल, पण चहाची किंमत ऐकून एका श्वासात रुपये सांगता आले पाहिजेत.

नोटांचं एक प्रकरण वेगळं सांगायला हवं. वीस हजारांची नोट निळी आहे. पाच लाखांचीही निळी आहे. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह यांचाच चेहरा. मोठी नोट थोडी लांब आणि किंचित हिरवटाकडे झुकणारी, पण हा फरक टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसतो, संध्याकाळी फुटपाथवर नाही. हनोईत माझ्या नवऱ्याने नारळपाण्याच्या गाडीवर वीस हजारांची म्हणून पाच लाखांची नोट पुढे केली. गाडीवालीने ती हातात घेतली, आमच्याकडे पाहिलं, खळखळून हसली, आणि त्याच्याच पाकिटात डोकावून बोटाने बरोबर नोट दाखवली. सत्तर रुपयांच्या जागी सतराशे जाता जाता राहिले. त्या रात्री हॉटेलवर बसून आम्ही पाच लाखांच्या सगळ्या नोटा पाकिटाच्या चेनच्या कप्प्यात टाकल्या आणि बाकीच्या बाहेर ठेवल्या. ओळखायची आणखी एक खूण म्हणजे मागची बाजू: वीस हजारांच्या नोटेवर होई आन गावातला छप्पर असलेला जुना जपानी पूल आहे, पाच लाखांच्या नोटेवर हो चि मिन्ह यांचं जन्मघर.

आता मुळात रुपयांचे डाँग होतात कसे ते पाहू. आपल्याकडे डाँग सहसा मिळत नाहीत. इथे रुपये देऊन डॉलर घ्यायचे आणि तिथे डॉलर देऊन डाँग. म्हणजे पैसा दोनदा बदलतो, आणि दोन्ही वेळा बदलणारा आपला वाटा काढून घेतो. मार्केट यार्डातला कांद्याचा भाव आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा भाव वेगळा असतो, तसंच हे. इंटरनेटवर जो डॉलरचा दर दिसतो तो यार्डातला, बँका एकमेकींना देतात तो. आपल्याला तो कधीच मिळत नाही. आपल्याला कोपऱ्यावरचा मिळतो, आणि कोणत्या कोपऱ्यावर जायचं एवढंच आपल्या हातात असतं.

हिशेब सोपा व्हावा म्हणून बाजारभाव ९० रुपये धरू. गावातल्या परकीय चलनाच्या दुकानात ९१.५० ने डॉलर मिळाला तर हजार डॉलरमागे १,५०० रुपये दुकानदाराला गेले. वर जीएसटी. तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात, म्हणजे इथे साधारण १६५ रुपये. तोच डॉलर विमानतळावरच्या काउंटरवर ९५-९६ ला दिसला तर हजारामागे पाच-सहा हजार गेले, आणि डोक्यावर पाटी 'कमिशन नाही' अशी. पाटी खोटी नसते. कमिशन दरातच मुरलेलं असतं. म्हणून दुकानदाराला दर विचारू नये, सरळ विचारावं, "हजार डॉलर हातात पडायला सगळं धरून एकूण किती रुपये द्यायचे?" तीन ठिकाणी हाच प्रश्न विचारला की कोण स्वस्त ते कळतं.

डॉलर घेताना शंभरच्या, नव्या, घडी न पडलेल्या नोटा मागून घ्याव्यात. तिकडे मोठ्या नोटेला बऱ्याचदा जरा बरा दर मिळतो, आणि पेनची खूण असलेली किंवा फाटलेली नोट सरळ परत करतात. आपल्याकडे फाटकी नोट रिक्षावाल्याला खपवायची सवय असते, ती तिथे उपयोगाची नाही.

कायद्याचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच रोख नोटा घेता येतात, बाकीचे कार्डावर. डॉलर घेताना ५०,००० रुपये किंवा जास्त द्यायचे असतील तर रोखीने देता येत नाहीत, खात्यातून द्यावे लागतात. व्हिएतनाममध्ये उतरताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तर कस्टमला सांगावं लागतं. टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर, घेतात. तो ऐकून लोक घाबरतात, पण तो आगाऊ भरलेला कर असतो, विवरणपत्रात वळता करून घेता येतो. आत्याने पॅकेज घेतलं नव्हतं, त्यामुळे आम्ही तिथे थांबलो नाही.

"मग कार्डच नेते की," आत्या म्हणाली. न्यावंच. पण कुठलं?

नेहमीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात घासलं की बँक आपला वाटा लावते. त्याला मार्कअप म्हणतात. बहुतेक कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्के असतो, आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. साडेतीनाचे होतात ४.१३. लाखभर खर्च केला तर चार हजार एकशे तीस रुपये नुसते कार्ड घासण्याचे. काही कार्डांना मार्कअप शून्य असतो. असं एखादं कार्ड घरात कोणाकडे आहे का ते निघण्याआधी महिनाभर पाहावं, कारण नवीन कार्ड यायला वेळ लागतो.

दुसरा पर्याय फॉरेक्स कार्ड. आधी पैसे भरायचे, त्या दिवसाचा दर पक्का होतो, मग तिकडे वापरायचं. युरोप-अमेरिकेसाठी हे बरं पडतं, कारण युरो आणि डॉलर कार्डात भरता येतात. व्हिएतनामसाठी मात्र इथे एक खड्डा आहे आणि तो एजंट आपणहून दाखवत नाही. कार्डात डाँग भरता येत नाहीत, डॉलर भरतात. तुम्ही होई आनमध्ये डाँगचं बिल दिलंत की कार्ड आतल्या आत डॉलरचे डाँग करतं आणि त्याचे वेगळे पैसे लावतं. अनेक कार्डांवर हेही साडेतीन टक्क्यांच्या घरात. म्हणजे मार्कअप वाचवायला कार्ड घेतलं आणि मार्कअपच भरला, वर कार्डाचे पैसे वेगळे. एजंटला एवढंच विचारायचं: "कार्डात नसलेल्या चलनात खर्च केला तर किती लावता?" उत्तर द्यायला तो जरा थांबला तर समजून जा.

आता मी जिथे सगळ्यात जास्त वेळ घेतला ती गोष्ट. आत्याला ती दोनदा सांगितली, आतोबांना फोनवर घेऊन तिसऱ्यांदा.

होई आनमध्ये जेवण झालं. बिल बारा लाख डाँग. वेटर छोटं मशीन घेऊन येतो, कार्ड लावतो, आणि पडद्यावर दोन आकडे येतात. एक १२,००,००० डाँग. दुसरा ४,४३० रुपये. वेटर हसून मशीन तुमच्याकडे वळवतो. परक्या गावात, एवढ्या शून्यांच्या गर्दीत, आपला रुपया दिसला की माणसाला माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं. बोट आपोआप तिकडे जातं.

तिथेच फसगत आहे. बाजारभावाने बारा लाख डाँगचे ४,१३८ रुपये होतात. साडेतीन टक्क्यांच्या महागड्या कार्डानेही ४,३०९ पडले असते. ४,४३० हा आकडा तुमच्या बँकेने काढलेला नाही. तो दुकानदाराच्या बाजूच्या यंत्रणेने, तिच्या मनाच्या दराने काढला आहे, आणि त्यातला फरक तिकडची मंडळी वाटून घेतात. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. बरं, एवढ्यावर थांबत नाही. व्यवहार रुपयांत झाला तरी दुकान परदेशात आहे, म्हणून आपल्याकडच्या काही बँका त्यावर वेगळा एखादा टक्का लावतात. मग एका जेवणावर पावणेदोनशे रुपये जास्त जातात, आणि ते आपणच बोट टेकवून दिलेले असतात. खिसेकापूला निदान मेहनत तरी पडते.

तेव्हा मशीनवर, एटीएमवर, हॉटेलच्या काउंटरवर, परदेशी वेबसाइटवर, जिथे जिथे 'रुपयांत की इथल्या चलनात' असं विचारतील तिथे इथल्या चलनात. निवडायचा हक्क ग्राहकाचा आहे. वेटरने परस्पर रुपये दाबले असतील तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावं, यात संकोच कसला.

एटीएमवर हाच प्रश्न जरा भीतीदायक वेशात येतो. 'आम्ही या दराने बदलून देऊ, मान्य?' आणि खाली दोन बटणं, स्वीकारा किंवा नाकारा. नाकारलं तर पैसेच येणार नाहीत असं वाटतं. येतात. नाकारला जातो तो त्यांचा दर, व्यवहार नाही. मी पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हा माझाही हात थरथरला होता. नोटा खडखडत बाहेर आल्या तेव्हा सुटले.

एटीएमचे पैसे दर वेळी लागतात: तिथली काही यंत्रं घेतात, आणि आपली बँक वेगळे घेते. म्हणून रोज थोडे काढण्यापेक्षा दोन-तीन दिवसांचे एकदम काढावेत. बँकेच्या शाखेला लागून असलेलं यंत्र, दिवसा, शाखा उघडी असताना. कार्ड आत अडकलं तर विचारायला माणूस असतो. क्रेडिट कार्डाने मात्र रोख काढू नये. काढल्या क्षणापासून व्याज सुरू होतं आणि वर दंडासारखं शुल्क.

इतकं सगळं करून माझं कार्ड पहिल्याच दिवशी चाललं नव्हतं. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने नवी कार्डं फक्त देशातच चालू येतात. परदेशी वापर ॲपमध्ये जाऊन आपण सुरू करायचा असतो. मी तो केला होता, पण परदेशासाठीची रोजची मर्यादा शून्यच राहिली होती. कार्डामागचा १८०० ने सुरू होणारा मदतक्रमांक लावला तर तो भारताबाहेरून लागेना. हॉटेलच्या लॉबीत सामानावर बसून अर्धा तास गेला. तेव्हापासून मी बँकेचा +९१ ने सुरू होणारा क्रमांक घरूनच कागदावर लिहून नेते. कागदावर, फोनमध्ये नाही. का ते पुढे.

ॲपमधल्या याच मर्यादा तुमच्या रखवालदारही आहेत. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो, त्यामुळे कार्ड हरवलं तरी आपण जरा निवांत असतो. परदेशी संकेतस्थळांवर अनेकदा ओटीपी न विचारताच पैसे जातात, आणि दुकानांत पिनही विचारतातच असं नाही. तेव्हा ऑनलाइन वापर बंद ठेवायचा, लागेल तेव्हा पाच मिनिटं उघडायचा. नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय बंद किंवा अगदी छोट्या रकमेची. आत्याला हे फार पटलं. दुधाचं पातेलं झाकून ठेवण्यासारखं आहे, म्हणाली.

"आणि यूपीआय?" भूतान, श्रीलंका, मॉरिशसमध्ये काही ठिकाणी चालतं, ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय सोय चालू करावी लागते. व्हिएतनामला त्याच्या भरवशावर जाऊ नये, एवढं सांगून मी पुढे गेले.

आता चोरी. हो चि मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगॉनात, दुचाकीवरून येऊन हातातला फोन किंवा खांद्यावरची पर्स हिसकावण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघणारा पर्यटन करणारा माणूस त्यांचं आवडतं गिऱ्हाईक. नकाशा बघायचा तर दुकानात शिरून, भिंतीकडे सरकून बघावा. पण खरा प्रश्न फोन गेल्यावरचा आहे. हल्ली पाकिटापेक्षा फोन महाग पडतो: त्यातच बँकेचं ॲप, त्यातच ओटीपी येणारं सिम, त्यातच कार्डांचे फोटो, आणि त्यातच बँकेचा मदतक्रमांक. सगळी अंडी एका टोपलीत, आणि टोपली हातात धरून रस्त्याच्या कडेला.

आमची आजी वारीला जाताना थोडे पैसे कनवटीला लावायची, थोडे पिशवीत तांदळाच्या पुरचुंडीखाली, आणि एक नोट बरोबरच्या बाईकडे ठेवायला द्यायची. त्यात बदल करण्यासारखं मला काही सापडलेलं नाही. आत्याला तीच वाटणी करून दिली. दिवसाच्या खर्चाचे डाँग आणि एक कार्ड आतोबांच्या पुढच्या खिशात. डॉलर आणि दुसऱ्या बँकेचं कार्ड आत्याच्या कपड्यांखाली कमरेच्या पट्ट्यात, आणि तो पट्टा बाजारात, लोकांसमोर उघडायचा नाही. तिसरं कार्ड हॉटेलच्या तिजोरीत, पासपोर्टाच्या छायाप्रतीबरोबर. दोघांचे फोन एका पिशवीत कधीच नाहीत. आतोबांच्या फोनवरूनही आत्याचं कार्ड बंद कसं करायचं ते दोघांनी घरी एकदा करून पाहिलं. भारतातलं सिम रोमिंग चालू करून फोनमध्येच ठेवायला सांगितलं, इंटरनेटसाठी तिथलं ई-सिम वेगळं. लोक विमानात भारतातलं सिम काढून डबीत ठेवतात आणि मग ओटीपीची वाट बघत बसतात.

कार्ड गेलंच तर आधी ॲपमधून बंद करायचं, मग बँकेला कळवायचं, मग पोलिसात जायचं. बाकीचं रडणं नंतर. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केलीत, तर तुमच्यावर काही बोजा येत नाही. उशीर झाला की तुमचा वाटा वाढतो. पिन कार्डामागे लिहून ठेवला असेल तर मात्र कळवेपर्यंत जे गेलं ते तुमचं. (आतोबांनी इथे विषय बदलला.)

हॉटेलांबद्दल एक. उतरताना ते कार्डावर अनामत रोखून धरतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं तर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कधी कधी आठवडा जातो. तिथे क्रेडिट कार्डच द्यावं. आणि कोणी किंमत डॉलरमध्ये सांगितली तर डाँगमध्ये विचारावी. देशातल्या देशात भाव डाँगमध्येच सांगायचा असा तिथला नियमच आहे.

उरलेले डाँग परत आणू नयेत, इथे त्यांना गिऱ्हाईक मिळणं कठीण. शेवटच्या दिवशी विमानतळावर बदलावेत नाहीतर कॉफीत घालवावेत. डॉलर मात्र २,००० पर्यंत घरी ठेवता येतात, त्याहून जास्त उरले तर १८० दिवसांत बँकेत किंवा चलनाच्या दुकानात परत करायचे.

आठव्या दिवशी होई आनहून आत्याचा फोटो आला. मागे छपराचा जपानी पूल, पुढे तिच्या चिमटीत त्याच पुलाचं चित्र असलेली निळी नोट. खाली लिहिलं होतं, "ही एक परत आणते आहे गं, रागावू नकोस. वीस औट सत्तर."